दर मंगळवारी रात्री टोकन मरतं

लोकमान्यनगरी | बुधवार, पहाटे १२.५०

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय. मराठी आमची इथलीच आहे, मधेच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या.

आमच्या आत्याचा फराळाचा गृहउद्योग आहे. चकली, चिरोटे, अनारसे, शेव, हाताखाली सहा बायका. आधी ऑर्डरी फोनवर यायच्या आणि वहीत उतरायच्या. दोन वर्षांपूर्वी मी उत्साहाच्या भरात वर्डप्रेसवर वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाचं प्लगिन) टाकून वेबसाइट करून दिली, आणि तेव्हापासून घरचा आयटी विभाग झालोय. पगार चिवड्यात.

मांडणी अशी: ऑर्डर आली की वूकॉमर्सचा वेबहुक (आपोआप जाणारी वर्दी) माझ्या पीएचपी स्क्रिप्टला हाक मारतो. स्क्रिप्ट ती ऑर्डर गूगल शीटमध्ये एक ओळ म्हणून टाकते. आत्या शीट मोबाइलवर बघते, त्यावरून किती पीठ भिजवायचं ते ठरतं. दुसरी स्क्रिप्ट दर दहा मिनिटांनी शीट वाचून कुरियरच्या एपीआयवर (प्रोग्रॅमनी बोलायच्या खिडकीवर) पिकअप नोंदवते.

शीटसाठी ओऑथ वापरलंय, म्हणजे पासवर्ड न देता स्क्रिप्टला परवानगी द्यायची पद्धत. एकदा ब्राउझरमध्ये आत्याच्या खात्यानं 'परवानगी द्या' दाबलं, रिफ्रेश टोकन मिळालं, ते फाइलमध्ये ठेवलं. शीट उघडणारं ॲक्सेस टोकन तासाभराचं, संपलं की रिफ्रेश टोकन देऊन नवं घ्यायचं. झकास चालतं. सोमवारपर्यंत.

मंगळवारी रात्री लॉगमध्ये (स्क्रिप्टच्या नोंदवहीत) 'इनव्हॅलिड ग्रँट', म्हणजे परवानगी चालत नाही. आजचा सलग तिसरा मंगळवार. मी परत परवानगी देतो, परत आठवडाभर चालतं. आत्या म्हणते मंगळवारी मारुतीला तेल वाहा. दिवाळी तोंडावर आहे, कोणी तरी वाचवा. लॉग जसाच्या तसा चिकटवतोय:

[लॉग काढून टाकला आहे. – संपादक]

रात्रपाळी | १२.५८

मदत नंतर. आधी तो लॉग उडव! त्यात रिफ्रेश टोकन पूर्ण दिसतंय. संपादकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

पुणेरी_४०४ | १.०३

इतकं घाबरायचं कारण नाही. नुसत्या रिफ्रेश टोकनचा कोणाला उपयोग होत नाही, सोबत क्लायंट सीक्रेट, म्हणजे ॲपचा स्वतःचा पासवर्ड लागतो.

रात्रपाळी | १.०५

लॉग पुन्हा वाचा. पठ्ठ्यानं विनंतीची अख्खी बॉडी छापली आहे. क्लायंट आयडी, सीक्रेट, टोकन, तिन्ही एका ओळीत. घराचा पत्ता, किल्ली आणि आम्ही गावाला गेल्याची चिठ्ठी.

लोकमान्यनगरी, आत्ता हे कर: आत्याच्या गूगल खात्यात बाहेरच्या ॲपना दिलेल्या परवानग्यांचं पान आहे, तिथून तुझ्या ॲपची परवानगी काढ. मग गूगलच्या क्लाउड कन्सोलमध्ये जाऊन क्लायंट सीक्रेट नवं तयार कर, जुनं बंद कर. पोस्ट काढली म्हणून काम संपलं नाही, दहा मिनिटांत कोणी वाचलं असेल ते तुला कळणार नाही. आणि लॉगमध्ये टोकनची शेवटची चार अक्षरं सोडून काही छापायचं नाही, ही सवय आजपासून.

लोकमान्यनगरी | १.३०

केलं. हात थरथरत होते खरं सांगायचं तर. धन्यवाद रात्रपाळीकाका. काका म्हटलं, चालेल ना?

रात्रपाळी | १.३२

मी सत्तावीस वर्षांची आहे. ताई म्हण.

मी_नुसती_वाचक | सकाळी ९.१०

प्रश्न बाळबोध वाटेल, तरी विचारते. पासवर्ड असताना हे टोकनचं लचांड कशाला? आत्यांच्या खात्याचा पासवर्ड स्क्रिप्टला दिला की झालं नसतं का?

सराफ्याची_गल्ली | ९.४५

ताई, आमच्या इंदूरचा सराफा बघितलाय का? दिवसा सोन्याचांदीची दुकानं. रात्री शटर पडलं की त्याच ओट्यावर भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे. आता सराफानं चाटवाल्याला काय दिलंय? ओटा. तोही रात्रीपुरता. तिजोरीची किल्ली दिलेली नाही. सकाळी दुकान उघडायच्या आत चाटवाल्यानं ओटा झाडून निघायचं. आणि उद्या पटलं नाही तर सराफ त्याला नाही म्हणू शकतो, त्यासाठी तिजोरीचं कुलूप बदलावं लागत नाही.

पासवर्ड म्हणजे तिजोरीची किल्ली. आत्यांचा मेल, फोटो, सगळं त्या स्क्रिप्टच्या हातात. टोकन म्हणजे ओटा: फक्त शीट, ठरलेल्या वेळेपुरतं, हवं तेव्हा परत घेता येणारं. 'फक्त ओटा' या भागाला स्कोप म्हणतात. बहुतेक लोक घाईत सगळे स्कोप टिक करतात आणि मग चाटवाला गल्ल्यावर बसतो.

जुना_जाणता | १०.२०

दृष्टान्त छान. पण एक गोष्ट त्यात बसत नाही. ओट्यावर कोण बसलंय ते सराफ चेहऱ्यानं ओळखतो. आपण वापरतो ते बेअरर टोकन, म्हणजे बेअरर चेकसारखं: ज्याच्या हातात त्याचं. बँकेनं तुमचा चेहरा बघायचा प्रश्नच नाही. म्हणून कालच्या लॉगनं रात्रपाळी एवढ्या दचकल्या.

ओऑथ २.० चं मानक म्हणजे आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) ६७४९, ऑक्टोबर २०१२ चं. बेअरर टोकनचा त्याच्या पुढचाच क्रमांक, ६७५०. मुख्य लेखक ईरन हॅमर यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये अंग काढून घेतलं आणि आपलं नावही काढायला लावलं. जुन्या १.० मध्ये प्रत्येक विनंतीवर सही करावी लागायची. कटकट होती, पण नुसतं टोकन चोरून भागत नसे. सोय हवी की सही, हा वाद तेव्हाचा आहे.

पुणेरी_४०४ | १०.४१

इतिहास झाला असेल तर मंगळवारकडे वळूया का?

रात्रपाळी | दुपारी १.१५

वळते. लोकमान्यनगरी, तिन्ही मंगळवारी नेमकं किती वाजता बंद पडलं, आणि त्याआधीच्या मंगळवारी तू परवानगी किती वाजता दिली होतीस? लॉग चिकटवू नकोस, नुसत्या वेळा लिही.

लोकमान्यनगरी | ३.०५

शोधलं. पहिल्यांदा परवानगी दिली रात्री ९.२० ला. पुढच्या मंगळवारी बंद पडलं ९.२० नंतर, मी १०.३५ ला परत दिली. त्याच्या पुढच्या मंगळवारी १०.३५ नंतर मेलं, मी ११.५० ला जिवंत केलं. काल ११.५० नंतर मेलं.

अरे.

रात्रपाळी | ३.०९

हा 'अरे' मला हवा होता. मारुतीचा काही संबंध नाही, बरोबर सात दिवस मोजले जातायत. तू दर वेळी तासभर उशिरा जागा होतोस म्हणून वेळ पुढे सरकत गेली.

क्लाउड कन्सोलमध्ये परवानगीच्या पडद्याची सेटिंग उघड. ॲपची अवस्था 'टेस्टिंग' असेल आणि वापरकर्ते 'एक्स्टर्नल'. अशा ॲपला शीटसारख्या स्कोपसाठी मिळालेलं रिफ्रेश टोकन सात दिवसांनी संपतं. गूगलच्या कागदपत्रांत साफ लिहिलंय. आपण 'टेस्टिंग' हे चाचणीपुरतं नाव समजतो आणि तसंच ठेवून गाडी रस्त्यावर आणतो.

लोकमान्यनगरी | ३.४०

टेस्टिंगच आहे. दोन महिने झाले. आधीचा महिना चाललं कारण तेव्हा मी रोज काही ना काही बदलून राहिलो होतो आणि दर दोन दिवसांनी परवानगी नव्यानं देत होतो!

म्हणजे 'प्रॉडक्शन' करू आणि सुटलो?

जुना_जाणता | ४.२५

सुटाल, पण अर्धे. प्रॉडक्शन केल्यावर परवानगी पुन्हा एकदा घ्यावी लागेल, जुनं टोकन जुन्याच मुदतीनं मरेल. ॲपची पडताळणी झालेली नसल्यानं मधे घाबरवणारं पान येईल. घरच्या माणसांसाठी तेवढं चालतं. पण त्यानंतरही रिफ्रेश टोकन अमर नाही. सहा महिने वापरलं नाही तर जातं. एका खात्याला एका क्लायंटमागे १०० रिफ्रेश टोकनांची मर्यादा आहे, १०१ वं घेतलं की सगळ्यात जुनं गुपचूप निकामी. आणि आत्यांनी एखाद्या दिवशी 'हे कुठलं ॲप?' म्हणून परवानगी काढली तर संपलंच.

माझा प्रश्न वेगळा आहे. शीट तुमची, स्क्रिप्ट तुमची. यात आत्यांच्या वतीनं वागायची गरजच काय?

दांडियाबाजार | संध्याकाळी ६.३०

बडोद्याहून. अगदी हेच लिहायला आलो होतो. सर्व्हिस अकाउंट कर भाऊ. माणसाचं खातं नाही, स्क्रिप्टचं स्वतःचं खातं. त्याला एक लांबलचक ईमेल पत्ता मिळतो. आत्यांची शीट त्या पत्त्याला 'एडिटर' म्हणून शेअर करायची, जशी एखाद्या भाच्याला करतो तशी. बस. परवानगीचा पडदा नाही, रिफ्रेश टोकन नाही. स्क्रिप्ट आपल्या खाजगी किल्लीनं जेडब्ल्यूटी नावाची एक छोटी चिठ्ठी सही करते, गूगलला देते, बदल्यात तासाभराचं ॲक्सेस टोकन घेते. संपलं की पुन्हा सही.

स्कोपनं ओटा ठरतो, पण कुठला ओटा हे शेअरिंगनं ठरतं. त्या खात्याला फक्त तीच शीट दिसते, आत्यांचा मेल नाही.

किल्लीची फाइल मात्र वेबसाइटच्या सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेव. आमच्याकडे एकानं ती फोटोंच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, का तर 'तिथे कोण बघतंय'.

मी_नुसती_वाचक | ६.५२

जेडब्ल्यूटी म्हणजे कूटबद्ध असतं ना? वाचता येत नाही?

दांडियाबाजार | ७.००

सगळ्यांचा हाच समज असतो. नाही ताई. नेहमीचा जेडब्ल्यूटी म्हणजे तीन तुकडे, मधे टिंब. पहिले दोन नुसते बेस६४ मध्ये (मजकूर साध्या अक्षरांत मांडायची रीत), कोणीही उलगडावेत. 'ई-वाय-जे' या अक्षरांनी सुरू होतो तो त्यामुळेच, जेसनचा (डेटा लिहायच्या पद्धतीचा) महिरपी कंस आणि अवतरणचिन्ह बेस६४ मध्ये तशी दिसतात. तिसरा तुकडा सही. सहीमुळे बदल केला तर कळतो, वाचणं थांबत नाही. पोस्टकार्डावर मोहोर मारल्यासारखं.

एक सूचना: सर्व्हरचं घड्याळ तपासून घे. त्यात 'दिलं कधी, संपतं कधी' सेकंदांत लिहिलेलं असतं. घड्याळ पुढे-मागे असेल तर सही बरोबर असूनही नकार येतो, आणि माणूस चार तास किल्लीतच खोट शोधत बसतो.

लोकमान्यनगरी | शुक्रवार, रात्री १०.१५

काल सर्व्हिस अकाउंट जोडलं. पहिल्याच झटक्यात ४०३, म्हणजे अधिकार नाही. मग आठवलं, शीट शेअर करायची राहिली होती. केली, चाललं.

पण भिया, नवीनच भानगड. टोकन ठीक आहे, हातानं चाचणी ओळ टाकली तर शीटमध्ये येते. खऱ्या ऑर्डरी मात्र येत नाहीत! वेबसाइटवर बुधवारपासून १७ ऑर्डरी आहेत, शीटमध्ये शून्य. लॉगही कोरा. आत्यानं वही परत काढलीय.

रात्रपाळी | १०.२२

लॉग कोरा म्हणजे तुझ्या स्क्रिप्टला कोणी हाकच मारत नाही. वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये वेबहुक बघ. 'डिसेबल्ड' असेल.

लोकमान्यनगरी | १०.२६

आहे! मी तर हात लावला नाही.

रात्रपाळी | १०.४०

तू नाही, वूकॉमर्सनं स्वतःच केलं. मंगळवारी रात्री टोकन मेलं तेव्हा तुझी स्क्रिप्ट काय करत होती? शीटमध्ये लिहिता आलं नाही म्हणून ५०० ('माझ्याकडे बिघाड') परत पाठवत होती. वूकॉमर्सच्या दृष्टीनं पोहोचवणी फसली. ओळीनं पाचापेक्षा जास्त वेळा फसली की तो वेबहुक बंद करून टाकतो. आणि फसलेली ऑर्डर तो आपणहून पुन्हा पाठवत नाही. टोकन तू बुधवारीच जिवंत केलंस, पण दार तोवर लागलं होतं.

मुळातली चूक इथे आहे, टोकनपेक्षा मोठी. वेबहुक घेणाऱ्यानं शीटची वाट बघायचीच नाही. ऑर्डर आली, सही तपासली, आपल्या डेटाबेसच्या एका टेबलात टाकली, २०० ('मिळालं') परत दिला, विषय संपला. शीटमध्ये लिहायचं काम दुसरी स्क्रिप्ट मागाहून करेल. शीट बंद, टोकन मेलेलं, गूगलला ताप आला, काहीही झालं तरी ऑर्डर तुझ्या घरात आलेली असेल. पोस्टमननं दारात वाट बघायची नाही की आत्या पत्र वाचून झाल्या का.

सही तपासतोस ना? वेबहुकच्या हेडरमध्ये एचमॅक एसएचए-२५६ (दोघांनाच ठाऊक गुपितानं मोजलेली सही) येतो, बेस६४ मध्ये. आलेल्या कच्च्या मजकुरावर मोजायचा, जेसन उलगडून परत बांधलेल्यावर नाही. एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी जुळत नाही.

लोकमान्यनगरी | १०.५५

सही... तपासत नाही. म्हणजे कोणीही माझ्या पत्त्यावर खोटी ऑर्डर ढकलू शकतो?

पुणेरी_४०४ | ११.०१

पन्नास किलो अनारसे, पत्ता सदाशिव पेठ. हलके घ्या.

जुना_जाणता | शनिवार, सकाळी ८.३०

राहिलेल्या १७ ऑर्डरींसाठी: वूकॉमर्सच्या रेस्ट एपीआयनं ओढून घ्या. त्यासाठी नवी किल्ली काढा, अधिकार 'फक्त वाचन'. आणि ही ओढणी एकदाच करून सोडू नका, रोज रात्री चालवा. वेबहुक म्हणजे घाई, रात्रीची ओढणी म्हणजे हिशोब. दुकान बंद करताना गल्ला मोजतात तसं. मागच्या वेळेपासून बदललेल्या ऑर्डरी मागायच्या, पण पंधरावीस मिनिटं मागे सरकून मागायच्या आणि ऑर्डर क्रमांकावर जुळवायच्या. दोनदा आली तर जुनी ओळ अद्ययावत व्हावी, नवी पडू नये.

वेळ जीएमटीची पाठवा. आपले साडेपाच तास गिळले गेले की सकाळच्या ऑर्डरी अदृश्य होतात.

लोकमान्यनगरी | ११.४०

ओढल्या. १० च आल्या. सात कुठे गेल्या?

दांडियाबाजार | ११.४४

पानावर दहाच देतो न सांगता. जास्तीत जास्त १००. एकूण पानं किती ते उत्तराच्या हेडरमध्ये असतं, तेवढी फिर. पुढच्या आठवड्यात १०० च्या वर गेलात की हाच प्रश्न परत पडेल, म्हणून आत्ताच फिर.

लोकमान्यनगरी | रविवार, रात्री ९.००

१७ च्या १७ आल्या. सही तपासणी घातली, टेबल केलं, शीटमध्ये वीस ओळी एका विनंतीत टाकतोय. एकेक टाकत होतो तेव्हा ४२९ आला होता, मिनिटाला ६० ची मर्यादा आहे म्हणे.

एक गंमत. न्यू जर्सीच्या दोन पार्सलांचे पिनकोड शीटमध्ये चार आकडी! तिकडचे पिन शून्यानं सुरू होतात, शीटनं शून्य खाल्लं. फोननंबरांच्या पुढचं अधिकचिन्हही गेलं. लिहिताना इनपुटचा पर्याय 'रॉ' केला, आता जसं पाठवलं तसं पडतं. आत्यानं आधीच पेनानं शून्य लिहून पाठवली होती पार्सलं. तिला वाटलं, परदेशातले लोक आळशी.

सराफ्याची_गल्ली | ९.२०

कुरियरचं काय? त्यांचंही टोकनच असेल ना?

लोकमान्यनगरी | ९.३५

हो. तिथे ओऑथ नाही, नाव-पासवर्ड दिला की २४ तासांचं टोकन मिळतं. पण दिवसातून चारपाच वेळा ४०१ (टोकन चालत नाही) येतो, मधेच. मी लक्ष दिलं नव्हतं कारण स्क्रिप्ट परत लॉगिन करते आणि पुढे जाते.

दांडियाबाजार | १०.१०

हे आम्ही भोगलंय. नाव घेत नाही, पण एका सेवेत नवीन लॉगिन केलं की जुनं टोकन तत्क्षणी रद्द. आमच्या दोन स्क्रिप्ट होत्या, एक पिकअप नोंदवायची, दुसरी पार्सल कुठे पोहोचलं ते विचारायची. दोघी आपापलं लॉगिन करायच्या. पहिलीनं केलं की दुसरीचं टोकन मेलं, तिला ४०१, ती लॉगिन करते, आता पहिलीचं मेलं. दिवसभर दोघी एकमेकींना घराबाहेर काढतायत, आणि काम तरीही होतंय म्हणून कोणाला पत्ता नाही. मग एक दिवस सेवेनं 'फार लॉगिन झाली' म्हणून खातंच तासभर बंद केलं.

टोकन एकाच जागी ठेव, टेबलात. नवं आणायचा अधिकार एकालाच, तोही कुलूप लावून. कुलूप मिळालं की आधी टेबलात बघायचं, मधल्या वेळात दुसऱ्यानं नवं आणून ठेवलंय का. असेल तर तेच उचल. ही दुसऱ्यांदा बघायची पायरी लोक विसरतात, आणि मग कुलूप असूनही दोघे एकामागोमाग लॉगिन करतात. ज्या ओऑथ सेवा दर वेळी रिफ्रेश टोकनही बदलून देतात तिथे तर याहून वाईट: जुनं टोकन दुसऱ्यांदा दिसलं की चोरी समजून सगळीच रद्द करतात.

रात्रपाळी | १०.२५

आणि ४०१ आला की एकदाच नवं टोकन आणून एकदाच पुन्हा प्रयत्न. तरी ४०१ म्हणजे माणसाला उठवा. ४०३ ला टोकन बदलून काहीही होत नाही, तिथे अधिकार कमी पडलाय.

पिकअप नोंदवताना आपला ऑर्डर क्रमांक संदर्भ म्हणून पाठवतोस का? उत्तर यायच्या आत जोडणी तुटली तर तुला वाटतं फसलं, त्यांच्याकडे नोंद झालेली असते.

लोकमान्यनगरी | १०.३१

आता कळलं गेल्या महिन्यात बेंगळुरूच्या एका काकूंना चिरोटे दोनदा का गेले. त्यांनी फोन करून सांगितलं, 'दुसऱ्यांदाचे जास्त खुसखुशीत होते.'

लोकमान्यनगरी | पुढचा बुधवार, रात्री १२.१०

मंगळवार गेला. मंगळवारी रात्री ९ पासून लॉगसमोर बसून होतो, काही मेलं नाही. कुरियरच्या टोकनला कुलूप घातल्यापासून दिवसाला एकच लॉगिन. रात्रीची ओढणी आणि शीट जुळतायत, आज दोन्हीकडे ६४.

रात्रपाळीताई, दांडियाबाजार, जाणते काका, पत्ते व्यनि करा, फराळ पाठवतो. पुणेरी, तुम्हालाही, पन्नास किलो नाही.

आत्या शेजारी येऊन बसली होती. म्हणाली, आता हे नवीन टोकन किती दिवस टिकतं? म्हटलं, एक तास. ती म्हणाली, मग आधीचं काय वाईट होतं, सात दिवस तरी टिकत होतं.